सर्दीची गोळी आणि पांढरे उंदीर

सर्दीच्या एका गोळीने मी आडवी होते. भावाच्या हळदीला शिंका थांबेनात म्हणून सकाळीच एक घेतली, आणि दुपारी डीजेच्या स्पीकरला टेकून मांडवात घोरत पडले. पंगती उठल्या, मटण संपलं, मला पत्ता नाही. त्याच पाकिटातली गोळी घेतलेला भाऊ मात्र नाचत होता. तेव्हापासून आई येईल त्या पाहुण्याला सांगायची, "ही आमची, काम दिसला की झोपते." अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा माझ्या.

पुढे राहनाळला, गोदामातल्या एका प्रयोगशाळेत उंदीर सांभाळायची नोकरी लागली. एकदा तिथल्या मॅडमनी पांढऱ्या आणि तपकिरी अशा दोन जातींच्या उंदरांना झोपेचं एकच औषध वजनाप्रमाणे मोजून दिलं. तपकिरी उठून दाणे कुरतडायला लागले, तरी पांढरे आपले ढिम्म.

"आळशी आहेत मेले," मी म्हणाले.

"आळशी कसले? औषध मोडणारी यकृतातली एन्झाइम यांच्यात सावकाश चालतात. जन्मापासून. आईबापांकडूनच येतं ते."

मला त्या पांढऱ्यांच्या पायाच पडावंसं वाटलं. धावत घरी गेले. आई सुकट निवडत होती. सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "उंदरांना काय भावाची हलद असते?"

आई स्वतः कधी गोळी घेत नसे, काढ्यावरच भागवायची. पण गेल्या महिन्यात वडप्याला तिच्या भाचीचा साखरपुडा, आणि हिचं नाक चोंदलेलं. मुलीची ओटी मावशीनेच भरायची होती. मी म्हटलं, गोळी नको. "मी काय तुझ्यासारखी हाय?" म्हणत तिने गिळली.

ओटीसाठी पुकारा झाला तेव्हा आई पहिल्या रांगेत, नव्या साडीत, हनुवटी छातीला लावून गाढ झोपली होती. मी हलवलं, मामाने हलवलं. शेवटी ओटी मामीने भरली. मी प्रयोगशाळेतल्या सवयीने, किती वेळ झोपते ते मोजत घड्याळ बघत बसले. आई उठली तेव्हा मांडववाले खुर्च्या रचत होते.

"ओटी भरली?"

"भरली."

रिक्षात ती नव्या साडीच्या निऱ्या नीट करत बसली. मला हसू येत होतं आणि तिची दयाही येत होती.

रविवारी आत्या आली. आईने नेहमीसारखी सुरुवात केली, "ही आमची, काम दिसला की..." आणि थांबली. चहा गाळत म्हणाली, "आमा दोघींना गोळी चढते."

मी उठून आत गेले. डोळे भरले होते, आणि आत्याला वाटलं सर्दी झालीय.