जानेवारीतला मार्च

कुमासीच्या बाजारात डुफीच्या दुकानावर पाटी वेगळी होती, पण लोक त्याला काक्रा-काक्रा म्हणत. काक्रा-काक्रा म्हणजे थोडं थोडं. कॉम्प्युटरचा वेग वाढवून द्यायला ही बाई आठवडा लावायची. आधी आतली धूळ काढणार, प्रोसेसरवरचा सुकलेला लेप पुसून नवा लावणार, मोठा पंखा बसवणार, आणि मग कुठे वेग एक पायरी चढवून मशीनला दोन तास राबवणार. तापमान ठीक राहिलं तर दुसरी पायरी. व्होल्टेजला शक्यतो हात नाही. "पलीकडे उभ्या उभ्या करून देतात," असं कुणी म्हणालं, की ती म्हणायची, "मग रडायलाही तिकडेच जा."

दुधाने तोंड पोळलेली होती ती. अकरा वर्षांपूर्वी असाच जानेवारी होता. उत्तरेचा कोरडा वारा सुटला होता आणि पहाटे लोक अंगावर दोन-दोन कापडं घेत होते. तेव्हा डुफीने एका मास्तरांचं मशीन एका सकाळीत असं पळवलं, की सगळा बाजार बघायला जमला. मार्चमध्ये ऊन तापलं आणि वेगाने आधीच तापणारं ते मशीन काम चालू असताना जागीच गोठलं. मास्तरांच्या आईच्या आवाजाची एकुलती एक फाइल त्यात खराब झाली. मास्तर रागावले असते तर बरं झालं असतं. "असू दे, एनो," एवढंच म्हणाले ते. एनो म्हणजे आई; बाईमाणसाला तिकडे मानाने असंच म्हणतात.

यंदाच्या जानेवारीत वोफा दार्क्वा आपलं मशीन टॅक्सीतून घेऊन आले. वोफा म्हणजे मामा. ते साऱ्या बाजाराचेच मामा होते. तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या अंत्यविधीच्या फिल्म केल्या. आता त्यांची स्वतःची बायको, बिरागो, डिसेंबरात वारली होती, आणि घरच्या वडीलधाऱ्यांनी अंत्यविधीसाठी मार्चचा दुसरा शनिवार धरला होता. तोवर ती शवागारात थंडीत पडून होती.

"मांडवात दाखवायची तिची फिल्म मीच जोडणार," वोफा म्हणाले. "पण हे अडकतं गं. ती हसायला लागली की चित्र थांबतं नि आवाज पुढे जातो. कापायचं कुठे, कळतच नाही."

"दुसऱ्या कुणाच्या मशीनवर जोडा ना."

"हे तिने कापड विकून घेऊन दिलंय. ह्याच्यावरच होईल."

डुफीने आधी सगळ्या फिल्मची दुसरी प्रत काढून कुलपात ठेवली, आणि मग पेचकस हातात घेतला.

चौथ्या दिवशी मशीन चार पायऱ्या चढलं. गार सकाळी फिल्म पाण्यासारखी वाहत होती. वोफांनी टाळीच वाजवली. "झालं! दे आता."

"अजून मार्च व्हायचाय," डुफी म्हणाली.

तिने शेजारच्या अडोमाकडून कोळशाच्या दोन पेटत्या शेगड्या आणल्या, दारं-खिडक्या उघड्या ठेवून मशीनच्या दोन्ही बाजूंना हातभर अंतरावर मांडल्या आणि घाम पुसत बसली. केळी भाजणारी अडोमा दारातून ओरडली, "एनो, नीट भाजून घे हं! मीठ-मिरची पाठवू का?" दुकानांची सगळी ओळ हसली. तासाभरात पडदा गोठला.

"सकाळी तर पळत होतं!" वोफा चिडले. "तूच बिघडवलंस, शेकून शेकून!"

"सकाळी जानेवारी होता, वोफा. तुमची बिरागो मार्चमध्ये जाणार आहे."

बोलून गेली आणि तिला स्वतःचीच जीभ चावावीशी वाटली. वोफांनी निखाऱ्यांकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, "तिला फार उकडायचं मार्चमध्ये." डुफीने दोन पायऱ्या उतरवल्या आणि कोळसा पुन्हा फुलवला. या वेळी मशीन संध्याकाळपर्यंत चाललं. दोन पायऱ्यांत काम भागत होतं.

मार्चच्या त्या शनिवारी मांडवाखाली भट्टी पेटल्यासारखं ऊन होतं. मशीन टेबलावर होतं आणि शोकाच्या लाल-काळ्या कापडातली डुफी त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. पडद्यावर बिरागो फुफूसाठी उकडलेला कंद कुटता कुटता हसली, "दार्क्वा, तो कॅमेरा ठेव आणि मुसळ धर!" हसू पुरतं उमटलं, कुठेही अडकलं नाही. अख्खा मांडव हसला आणि रडला. डुफीही रडली. तिला मास्तरांची आई आठवली, जिचा आवाज तिने कधी ऐकलाच नव्हता.

सोमवारी वोफा मशीन घेऊन पुन्हा दारात. डुफी हातातलं काम टाकून उठली. "बिघडलं?"

"छे. छान चालतं. तो वाढवलेला वेग तेवढा काढून टाक."

"का हो?"

"आधी अडकायचं ना, तेव्हा ती हसताना मधेच थांबायची. मी शिव्या घालायचो. आता अडकतच नाही गं. हसते, आणि जाते."

मूळ वेग एका बटणाने परत येतो. डुफीने वेग एकेक पायरी करत उतरवला, प्रत्येक पायरीला फिल्म लावून बघितली, आणि वोफा तिच्या शेजारी बाकावर बसून राहिले.