नीट सांभाळलेले विमान

मी पार्से गावची. आजवर विमानात बसून कुठे गेले नाही, पण एका विमानातली प्रत्येक खुर्ची माझ्या हाताने पुसलेली आहे. जाणाऱ्यायेणाऱ्यांना ही फुशारकी वाटते. वाटू दे.

गोव्यात मोपाच्या पठारावरच्या विमानतळावर, धावपट्टीपासून लांबच्या कोपऱ्यात ते उभे होते. आत दोन वाटा असलेले, दूरदेशी जाणारे मोठे, जुने विमान. ते चालवणारी कंपनी बुडाली होती. शेपटीवरचे नाव पांढऱ्या रंगाखाली गेले होते, तरी ऊन कलले की अक्षरे दिसायची. आम्ही ते राखणाऱ्या ठेकेदाराची माणसे. बुरशी धरू नये म्हणून दर आठवड्याला मी दारे उघडून वारा खेळवायचे आणि खुर्च्या, कप्पे पुसून काढायचे.

चाके आणि इंजिनांची झाकणे बघायचे काम डिचोलीच्या काकांकडे होते. नात्याचे नव्हेत, वयाने काका. सारे आयुष्य खनिजाच्या ट्रकावर गेलेले. खाणी बंद झाल्या तेव्हा त्यांचा स्वतःचा ट्रक दारात उभा राहिला आणि शेवटी भंगारात गेला.

"मी उभो करून ठेवलंय तेका. एकदाय सुरू केलंय नाय," ते सांगायचे. "माझ्याच हातान मेलो तो. ह्येका मरूक देवचंय नाय."

हे विमान पुन्हा उडताना बघायचे, एवढीच त्यांची इच्छा होती. एकाच जागी भार पडून टायर बसू नयेत म्हणून विमान ठरल्या दिवशी थोडे पुढेमागे ओढतात. काका टायरवर खडूने खूण करत आणि चाक पुरेसे फिरले नाही तर ट्रॅक्टरवाल्याशी भांडत. इंजिनात साळुंकी शिरू नये म्हणून झाकणाची दोरी दिवसातून तीनदा तपासत.

"काका, काकींना इतकं जपलं असतं तर?" मी चिडवायचे.

"गप रव गो बाय. तिका खंय चाकां आसत?"

मग मालकाकडून तपासणीला एक परदेशी माणूस आला. तीन दिवस बॅटरी घेऊन तो कोनाकोपरा बघत होता. जाताना त्याने काकांचा हात दोन्ही हातांत धरून हलवला. दुसऱ्या दिवशी काकांनी डिचोलीच्या बाजारातून खाजे आणून सगळ्यांना वाटले. आता उडणार, याची त्यांना खात्रीच झाली होती. खरे सांगायचे तर मलाही.

आठवड्याने सुपरवायझरने आम्हाला बोलावले. विमान उडणार नव्हते. ते इथेच सुटे करायचे होते. इंजिने, चाके, दारे दुसऱ्या विमानांना जाणार होती.

"कित्याक?" काकांनी विचारले. "ह्येका काय जालां?"

"काही झालं नाही, काका. गंजलं असतं तर कोणी हातही लावला नसता, तसंच पडून राहिलं असतं. तुम्ही इतकं चांगलं ठेवलंत, म्हणून एकेका भागाला गिऱ्हाईक मिळालं."

तो कौतुकच करत होता. मला त्याच्या तोंडावर फडका फेकून मारावासा वाटला.

आमच्याकडे जुने झाड तोडायचे, घर उतरवायचे तर आधी गाऱ्हाणे घालतात. धन्याच्या नावाने देवाकडे क्षमा मागायची, आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचे. पहिला नट सोडण्याआधी काकांनी पाच मिनिटे मागून घेतली. नारळ फोडायला परवानगी नव्हती, म्हणून तो चाकापाशी तसाच ठेवला.

"धन्याचा नाव काय घेव?" काकांनी विचारले.

सुपरवायझर गोंधळला. कागदावर एक ट्रस्ट होता, त्याच्यामागे विमाने भाड्याने देणारी कंपनी, आणि तीही दुसऱ्या कंपनीने घेतलेली.

"म्हणजे माणूस कोण नाय?"

"माणूस असा नाही, काका."

काकांनी नारळ चाकाला नीट टेकवला. मग त्यांनी हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, ह्येका धनी नाय. राखण आमी केली."

"व्हय म्हाराजा."

"जीव लावन केली. त्यात आमच्या हातान काय चूक जाली आसात, तर ती पोटात घाल."

बाकीचे "व्हय म्हाराजा" म्हणाले. मी म्हणाले नाही. जपले, यात कसली चूक? मी मान खाली घालून उभी राहिले.

काका थांबले. गाऱ्हाणे अर्धे ठेवता येत नाही. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिले.

"म्हण गो बाय," ते हळू आवाजात म्हणाले. "चूक जाली ती."

"व्हय म्हाराजा," मी म्हणाले.