पिठाच्या डब्यातला दांडा

जलालुद्दीन मिस्त्री मुळात तापट नव्हता, त्या बोर्डानं त्याला तापट केलं, असं त्याची बायको अमीरबी सांगायची. यात बरंच खरं होतं. हिंगोली स्टेशनाजवळच्या कापसाच्या जिनिंगमध्ये तो विजेचा बोर्ड भिंतीपासून हातभर पुढं उभा होता. पुरुषभर उंचीची संगमरवरी फरशी, पुढच्या अंगाला तांब्याचे उघडे खटके आणि मागच्या अंगाला तांब्याच्या उघड्या पट्ट्यांचं जंजाळ. शेठच्या वडिलांनी तो विलायतेहून मागवला तेव्हा बघायला गाव लोटलं होतं. आता एकोणीसशे त्रेचाळीस साल होतं. फरशीला आडवी चीर गेली होती, आणि ज्या कंपनीनं बोर्ड केला तिनं पत्राला उत्तर धाडलं होतं, की असला माल आम्ही वीस वर्षांपूर्वीच बंद केला. ते पत्र बाजूला सारून शेठ म्हणाले, "मिस्त्री, तुमी हाय ना." हे वाक्य ऐकलं की मिस्त्रीच्या कपाळावरची शीर उडायला लागायची.

चीर त्यानं लाख वितळवून भरली. खटक्यांची पाती ज्या चिमट्यांत बसायची ते चिमटे झिजून ढिले झाले होते; तापायचे, ठिणग्या टाकायचे. लढाईमुळं तांब्याचा पत्रा बाजारात औषधालाही मिळेना. तेव्हा मिस्त्रीनं घरातल्या तांब्याच्या देगचीचं झाकण कापलं आणि त्याचे चिमटे केले. देगची अमीरबीच्या माहेरची होती. तेव्हापासून ती देगचीवर ताट झाकायची, आणि मिस्त्री घरात असला की ते ताट जरा जोरातच ठेवायची. बरं, ते तांबंही निघालं मऊ. दोन महिने झाले की चिमटे पुन्हा ढिले, आणि पुन्हा मिस्त्री आणि त्याची कानस.

त्यात दसऱ्याला बोर्डाची पूजा. यंत्राला कुंकू लावायला मिस्त्रीची ना नव्हती, पण नारळ खटक्यांसमोरच फोडायचा आणि पाणी फरशीवरच शिंपडायचं, हे त्याच्या डोक्यात जायचं. जरा बाजूला फोडा, असं त्यानं दहा वर्षं सांगितलं. दहा वर्षं सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि अकराव्या वर्षी नारळ तिथंच फुटला. पुढचे दोन दिवस मिस्त्री चिंधी घेऊन फरशी पुसत बसला होता.

एका बाबतीत मात्र तो कुणाचं चालू द्यायचा नाही. ती बाब म्हणजे मोठ्या खटक्याचा दांडा. डायनामोची वीज त्या एका खटक्यातून सगळ्या बोर्डावर यायची. विलायती दांडा फुटल्यावर मिस्त्रीनं शिसवीचा घडवला होता, जवसाच्या तेलात उकळून. दोन स्क्रू काढले की दांडा सुटा व्हायचा, आणि दांड्यावाचून ते उघडं तांबं हातानं ओढायची छाती कुणाची नव्हती. बोर्डाला हात लावण्याआधी मिस्त्री दांडा काढायचा, रिसाला मोहल्ल्यातल्या घरी नेऊन अमीरबीच्या हातात द्यायचा, आणि काम संपलं की पुन्हा घरी जाऊन घेऊन यायचा. जाताना अर्धा कोस, येताना अर्धा कोस. अमीरबी तो पिठाच्या डब्यात ठेवायची, कारण त्या डब्याला तिच्याशिवाय कुणी हात लावत नसे. दांड्याला पीठ लागतं म्हणून मिस्त्री दरवेळी कुरकुरायचा. सगळी जिनिंग हसायची. दांडा खिशात ठेवला तर काय बिघडतं, असं लोक विचारायचे. पण चारचौघांनी तगादा लावला की खिशातली वस्तू आपण देऊन बसतो, हे मिस्त्रीला स्वतःबद्दल पक्कं माहीत होतं.

हसणाऱ्यांना नासेर माहीत नव्हता. नासेर हा मिस्त्रीचा धाकटा भाऊ. अमीरबी लग्न होऊन आली तेव्हा तो पाच वर्षांचा होता. तिच्या हातचं खाऊन मोठा झाला, भावाचंच काम शिकला आणि लांबच्या एका गिरणीत लागला. तिथं तो बोर्डामागं काम करत असताना कुणीतरी खटका टाकला. तिथं वाईट माणूस कुणीच नव्हता. सगळ्यांना घाई होती, एवढंच. नासेर गेल्याचा चाळिसावा दिवस झाला, त्या दिवशी मिस्त्रीनं दांडा अमीरबीच्या हातात ठेवला आणि म्हणाला, "मी सोता आल्याबिगर कुणाला देऊ नको. मी सांगावा धाडला तरी न्हाई."

त्या कार्तिकात हंगामाच्या तोंडावर निजाम सरकारचे तालुकदारसाहेब संध्याकाळी जिनिंग बघायला येणार होते. शेठनं आवारभर दिवे लावायचा हुकूम सोडला, आणि नेमका त्याच सकाळी मोठ्या खटक्याचा चिमटा तडकला. मिस्त्री दांडा घरी ठेवून आला आणि कामाला बसला. हाताखाली थावरा होता. थावरा तांड्यावरचा, चाळिशीचा माणूस. रोज खटका टाकायचं आणि बोर्ड पुसायचं काम त्याचं. इतका कमी बोलायचा, की तो खोलीत आहे की नाही हे बघितल्याशिवाय कळत नसे. त्याच्या वाटचं बोलणं मॅनेजर तातेराव बोलायचा. दुपारभर तो येऊन एकच विचारत राहिला, "झालं का, मिस्त्री?"

"तुमी विचारायचं थांबलं की व्हईल," मिस्त्री म्हणाला.

चारच्या सुमाराला झालं. आता दांडा आणायचा होता. पण मिस्त्रीचा उजवा गुडघा सकाळच्या फेरीनंच सुजला होता. तातेराव म्हणाला, "रतनसिंगला धाडा की. सायकल हाय त्याच्याकडं." रतनसिंग म्हणजे फाटकावरचा जुना शिपाई, भरवशाचा. मिस्त्रीनं गुडघ्याकडं बघितलं, उन्हाकडं बघितलं, आणि डोक्यावरची टोपी काढून रतनसिंगच्या हातात दिली. "खूण म्हणून दाखव," तो म्हणाला. "काम झालं म्हणावं, दांडा दे."

रतनसिंग गेला तसाच परत आला, टोपी घेऊन.

"न्हाई म्हणल्या," तो म्हणाला.

"टोपी दावली?"

"दावली की. म्हणल्या, टोपी आली, डोकं कुठाय?"

कापूस वेचायला बसलेल्या बाया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. तातेरावनं त्यावर कडी केली. "मिस्त्री, घरात तुमचं चालतं का न्हाई?"

मिस्त्री उठला. पूर्ण अर्धा कोस तो लंगडत आणि स्वतःशी बोलत गेला. बाईला कळायला नको? काम झालेलं, बोर्ड मोकळा, वर साहेब यायची वेळ. दारातूनच त्यानं तोंड सोडलं. सगळ्या जिनिंगसमोर माझी इज्जत घालवली, म्हणाला. देगचीचा राग असा काढती व्हय, असंही म्हणाला. अमीरबीनं पिठाचा डबा उघडला, दांडा बाहेर काढला आणि पदरानं पुसला.

"तुमीच बोलले व्हते. सांगावा धाडला तरी देऊ नको म्हणून."

"आगं पण काम झालं व्हतं. बोर्डामागं कुणी न्हाई, काही न्हाई. काहून अडवायचं?"

"नासेरच्या टायमालाबी कुणी न्हाई असंच म्हणत व्हते," अमीरबी म्हणाली, आणि दांडा त्याच्या हातात दिला.

त्या बोलण्यानं मिस्त्रीला जास्तच राग आला. परतीच्या वाटेवर त्यानं नासेरचं नाव काढल्याबद्दल तिला मनातल्या मनात पुष्कळ सुनावलं. जिनिंगच्या फाटकात शिरला तेव्हा इंजिन धडधडत होतं. तातेरावनं ते आधीच सुरू करून ठेवलं होतं, दांडा आला की लगेच दिवे लागावेत म्हणून. तो बोर्डाच्या खोलीच्या दारातच उभा होता.

"द्या इकडं, मीच बसवतो. दोन तर स्क्रू हायत," असं म्हणून त्यानं हात पुढं केला.

मिस्त्रीचा हातही पुढं झाला होता. इतका तो कंटाळला होता. पण अमीरबीचं ते वाक्य अजून कानात टोचत होतं, आणि निदान तिला खोटं पाडता यावं म्हणून तो तातेरावला ओलांडून आत गेला आणि बोर्डामागं वाकून बघितलं.

आत थावरा उकिडवा बसला होता. दोन्ही हातांत चिंचेचा गोळा, आणि तो मन लावून तांब्याच्या पट्ट्या घासत होता. पट्ट्यांवरून चिंचेचं पाणी ओघळत होतं. तो कोपरापर्यंत भिजला होता.

"काय करून राहिला रे?" मिस्त्रीनं विचारलं.

"मॅनेजर म्हणले, तांबं काळं पडलंय, साहेब मागून बी बघतील. घासून राहिलो."

तातेराव मागून डोकावला. "तू अजून आतच हाय?" एवढंच बोलला, आणि मग भिंतीला टेकला. रतनसिंग सायकलवर गेल्यागेल्या आपणच याला आत बसवलं, हे तो साफ विसरला होता. रतनसिंग दांडा घेऊन आला असता तर खटका तातेरावनंच टाकला असता, आणि हे तिथं उभ्या असलेल्या तिघांनाही कळत होतं.

एरवी मिस्त्रीनं जिनिंग डोक्यावर घेतली असती. पण ओरडायला त्याच्याकडं काही उरलंच नव्हतं. सगळं तो घरी ओरडून आला होता, तेही भलत्या माणसावर. तातेरावला काही बोलायला तोंडही नव्हतं. रतनसिंगच्या हाती टोपी तर मिस्त्रीनंच दिली होती. त्यानं इंजिन बंद करायला लावलं, थावराला हात धुऊन फाटकाबाहेर बसायला सांगितलं, आणि चिंध्या मागवल्या.

चिंच पुसून पट्ट्या कोरड्या करण्यात तास गेला. मधल्या वेळात तालुकदारसाहेब आले, गॅसबत्त्यांच्या उजेडात चहा प्याले, कापूस यंदा कसा आहे ते विचारून निघून गेले. बोर्ड त्यांनी मागूनही बघितला नाही आणि पुढूनही नाही. त्यांची मोटार वळणाआड गेल्यावर थोड्या वेळानं आवारातले सगळे दिवे एकदम लागले. शेठ म्हणाले, "मिस्त्री, जरा उशीरच केला तुमी."

दिवे मालवायचे झाले तेव्हा मिस्त्रीनं खटका ओढला, दांडा काढला आणि घराची वाट धरली.

अमीरबी भाकरी थापत होती. तिनं दांड्याकडं बघितलं. "काम तर झालं ना? मग हे काहून आणलं परत?"

मिस्त्रीनं थावराचं सगळं सांगितलं. टोपी देऊन रतनसिंगला धाडणारा आपणच होतो, हेही सांगितलं. अमीरबीचा हात परातीतच थांबला.

"आता मी सोता आलो तरी लगीच देऊ नको," मिस्त्री म्हणाला. "आधी विचारत जा."

"काय विचारू?"

"नासेर बाहेर आला का, म्हणून विचार."

अमीरबीनं मान हलवली. डबा पुढं ओढला, दांडा पिठात खोल खोचला आणि झाकण लावलं. दांड्याला पीठ लागतं, अशी कुरकुर मिस्त्रीनं त्या दिवशी केली नाही.