गाठीचा ठसा

गावंडे सरांकडे मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा माझ्या खिशात चिंचेने घासून लखलखीत केलेले चांदीचे नाणे होते आणि मी भलत्याच फुशारकीत होतो.

केनवडच्या आमच्या शेतात बांध नीट करताना मडके निघाले होते. नाण्यांवर धारदार नाकाचा परका राजा. आईने देवाची भांडी घासतात तशी ती चिंच-राखेने घासायला घेतली होती. भाऊबंदांच्या देव्हाऱ्यांत एकेक द्यायचेही ठरले होते. वाशीमला इतिहास शिकवणाऱ्या सरांनी नाणे उलटसुलट पाहिले आणि हळूच विचारले, "बाकीचे धुतले का?" त्याच दुपारी ते जीपने माझ्याबरोबर निघाले.

आई घाबरली होती. सर ओट्यावर बसून म्हणाले, "वहिनी, हे वाटू नका. हे रोमचे नाणे हायेत, समुद्रापलीकडून आलेले. एकटं नाणं नुसतं राजाचं तोंड दाखवते. सारे एका जागी असले, तं सगळ्यात नवं नाणं सांगते, मडकं त्याच्या आधी पुरलं नाही. झिजलेले सांगतात, किती हातांतून फिरले. अन् पुरणारा परत आला नाही, म्हणून आपल्याले भेटले."

आई न धुतलेले एक नाणे निरखत होती. त्याच्या हिरवट थरावर कापडाच्या विणीचा बारीक ठसा होता. ती म्हणाली, "हे तं पदराच्या गाठीतलं हाय, सर. आमी बी असंच बांधतो. पुरणारी बाई असंल."

सरांनी ते नाणे हातात घेऊन उन्हाकडे धरले. समोर तूर हलत होती. मला त्या तुरीत वाकलेली, घाईने माती लोटणारी बाई दिसू लागली. अजूनही दिसते.

आईने वाटणी मोडली. भाऊबंद वर्षभर आमच्याशी बोलले नाहीत. सरांनी मात्र स्वतः तहसीलमध्ये येऊन सगळा ठेवा आईच्या नावाने नोंदवून दिला.

पुढे सरांनी अशा ठेव्यांवर पुष्कळ लिहिले. पण व्याख्यानात तो ठसा आला की ते आजही म्हणतात, "हे मला केनवडच्या एका बाईंनी दाखवलं." मी तिथे बसलेला असतो आणि मला भरून येते.

सर पंच्याहत्तर वर्षांचे होत आहेत. त्यांना निरोगी, उदंड आयुष्य लाभावे, असे मी लिहिणारच होतो. पण ऐंशी पार केलेल्या आईने आपला निरोप आधीच सांगितला:

"सराले म्हना, त्या बाईले आपलं ठेवलेलं घ्यायले येता आलं नाही. तुमी येत राहा."