कावळ्यासाठी लावलेली लेन्स

वडील गेले त्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर त्यांनी आईकडे गुळाचा खडा मागितला होता. आईने दिला नाही. त्यांना साखरेचा आजार, आठ वर्षांपासून गोड बंद. आई स्वतः खुब्याचं हाड मोडून महिनाभर खाटेवर, तरी गुळाचा डबा तिच्या उशाशी, तिच्याच ताब्यात. "लहान पोरावानी मागताय, लाज वाटत न्हाई का?" असं ती बोलली. संध्याकाळी ते अंगणात खुर्चीत बसल्या जागीच गेले. पुढचे दिवस आईचं एकच चाललं होतं, "एवढासा खडा मागितला हुता गं."

मला मात्र काहीच होत नव्हतं. बायका गळ्यात पडून रडायच्या आणि माझं लक्ष त्यांच्या उष्ट्या कपांकडे. कप उचलायचे, विसळायचे, पालथे घालायचे. एका मावशीने तोंडावर सांगितलं, "दगड झालीय पोरगी." झाली असेल. मी तिच्याही कपाला हात घातला.

दहाव्याच्या आदल्या दिवशी आईने मला जवळ बोलावलं. पिंडापुढे गेलेल्या माणसाच्या आवडीचं ठेवतात, म्हणून तिने डब्यातला चांगला लिंबाएवढा गूळ काढून माझ्या हातावर ठेवला.

"कावळा शिवला तर कळंल मला, ह्यांचा राग गेला का न्हाई ते. पण मला घाटावर कोण नेणार? तू फोटू आन. तुझ्या त्या नळकांड्यानं. गूळ दिसला पाह्यजे."

नळकांडं म्हणजे माझा कॅमेरा. खिशात मावणारा, साधा डिजिटल. कोपरगावला गोदावरीच्या पात्रात पक्षी उतरतात, त्यांच्यासाठी घेतलेला. पण त्याचा झूम चौपट होऊन संपायचा आणि बगळा तांदळाएवढाच राहायचा. मग मी वरून बसवायची जादा लेन्स मागवली. ती थेट बसत नाही. कॅमेऱ्याचं स्वतःचं नाक पुढे येऊन तिला धडकतं. म्हणून आधी अ‍ॅल्युमिनियमची नळी आट्यांवर फिरवून बसवायची आणि नळीच्या तोंडाला लेन्स. वडील म्हणायचे, "खिशातला कॅमेरा घेतला अन् त्याच्यावर तांब्या बसवला. शाब्बास!" चिडवायचे, पण नदीवर माझ्यासोबत यायचे आणि लेन्सचं झाकण खिशात सांभाळायचे.

त्या लेन्सचे नखरे फार. कॅमेऱ्याचा झूम पूर्ण बाहेर काढल्याशिवाय चित्राभोवती काळं वर्तुळ येतं. आणि पूर्ण काढला की दिसतं मोठं पण अगदी थोडं; शेजारी काय आहे त्याचा पत्ता लागत नाही. मोबाईलने जमलं नसतं. त्यात लांबचा कावळा म्हणजे काजळाचा डाग, आणि जवळ गेलं तर कावळा येतोय कशाला!

घाटावर त्या सकाळी तीन घरांचे दहावे होते. खालच्या पायरीवर ओळीने पत्रावळी मांडल्या आणि माणसं मागे सरली. मी वर, पार लांब, ट्रायपॉड लावला. आमची पत्रावळ शोधली. भात, पिंड, गूळ. गूळ इतका स्वच्छ दिसत होता की मला बरं वाटलं. बापाच्या दहाव्याला फोकस जमला म्हणून बरं वाटलं. सांगायला लाज वाटते, पण वाटलं.

कावळे तारेवर बसून होते. भावाने हात जोडून कबूल केलं, आईला काही कमी पडू देणार नाही. चुलत्यांनी बांधाचं भांडण मिटवायचा शब्द दिला. एकही हलेना. "जित्तेपनी कुनाचं ऐकलं न्हाई, आता काय ऐकतोय!" चुलते चिडून म्हणाले, ते मला वरपर्यंत ऐकू आलं.

तेवढ्यात बॅटरी संपत आली. बॅटरी बुडातून काढावी लागते, म्हणून कॅमेरा ट्रायपॉडवरून उतरवला, बॅटरी बदलली, परत चढवला. चौकटीत पत्रावळ आली, पिंड आला, आणि त्याच क्षणी कावळा उतरला. मी बटण दाबत राहिले. खालून ओरडा झाला, "शिवला, शिवला!" मी सगळं पिशवीत कोंबलं आणि कुणासाठी न थांबता स्कूटीवर घर गाठलं. आई वाट बघत होती.

तिने कॅमेरा दोन्ही हातांत धरला. मी फोटो मोठा करून दिला. कावळ्याची चोच भातात.

"शिवला बाई," ती म्हणाली. मग बराच वेळ बघत राहिली. "गूळ कुठाय?"

गूळ नव्हता. बिडीबंडल होतं आणि चहाचा ग्लास. माझ्या वडिलांनी जन्मात बिडी ओढली नाही. कॅमेरा परत चढवताना मी शेजारच्यांच्या पत्रावळीवर रोखला होता, आणि ओरडले तेही शेजारचेच.

मी काही बोलायच्या आत भाऊ आणि चुलते दारात आले. भावाची मान खाली. चुलत्यांनी घसा खाकरला, "वैनी, आमी लई वेळ थांबलो, पन..."

"शिवला," आई म्हणाली. "बघितलं मी फोटूत. जेवाया बसा समदे."

भाऊ माझ्याकडे बघतच राहिला. स्वयंपाकघरात त्याने हळूच सांगितलं, दीड तास थांबून शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला.

पंगत उठल्यावर मी आईच्या खाटेशी गेले. "चुकलं माझं, आई."

"ज्यांचा हाय त्यांना नेऊन दे फोटू. त्यांच्यातबी कुनीतरी खाटंवर आसंल." मग तिने विचारलं, "आपल्या पानावर गूळ तसाच ऱ्हायला का?"

"राहिला."

तिने उशाशी हात घालून डबा ओढला, खडा फोडला. "हिकडं ये. तोंड बापाचंच हाय तुजं. आ कर."

मी आ केला. दहा दिवसांत मला कशालाच चव लागली नव्हती. गूळ गोड लागला, आणि आतून असा हुंदका आला की तो घास गिळता येईना.

आई माझ्या तोंडाकडे बघत होती. डब्यात तिचा हात तसाच होता.

"आनखी पाह्यजे का?" तिने विचारलं.