रिकामी नळी

रोहिणीताई सकाळी लॅबमध्ये आल्या की आधी रिकामी नळी पाहायच्या. बाकीच्या नळ्यांत गर्भाच्या मोजक्या पेशी आणि डीएनए वाढवणारी रसायनं असत. या नळीत नुसती रसायनं. तिच्यात काहीच वाढलं नाही, तरच बाकीचे निकाल खरे. मग ताई खणखणीत आवाजात म्हणायच्या, "रिकामी." त्याशिवाय चहा नाही.

ताई महाळुंगे पडवळच्या. पीएचडी पुण्यात केली, बोली गावचीच ठेवली. गर्भ आईच्या पोटात ठेवण्याआधी तपासणारी असली लॅब मंचरला चालायची नाही असं सगळे म्हणत. त्यांनी चालवून दाखवली. जोडप्यांना त्या विरजणावरून समजावत. "चमचाभर विरजणानं हंडाभर दही व्हतं ना? तसं आमी इवल्याशा डीएनएचं लई करतो. पण चमच्याला दुसरं काय लागलं असंल, तर त्येबी लई व्हतं." मुलगा की मुलगी, असं कुणी विचारलं तर सरळ दार दाखवायच्या.

कळंबच्या सविता आणि दत्ताचा पहिला मुलगा थॅलेसेमियानं, रक्ताच्या आनुवंशिक आजारानं, गेला होता. आता त्यांचे दोनच गर्भ गोठवून ठेवलेले, आणि नव्या गर्भांसाठी पुन्हा सगळं सोसायची सविताची ताकद संपलेली. तपासणीत दोन्ही निरोगी दिसले. पण त्या दिवशी रिकाम्या नळीत डीएनए निघाला.

ताडून बघायला ताईंनी लॅबमधल्या प्रत्येकाचा नमुना ठेवला होता. नळीतला डीएनए ताईंचाच निघाला. म्हणजे निरोगी दिसलं ते गर्भाचं की ताईंचं, सांगता येईना. टोपीबाहेर आलेल्या केसांवरून आम्हा मदतनिसांना रोज बोलणाऱ्या बाईंनी हातमोजा घातलेल्या हातानं स्वतःचेच केस आत सारले होते. मला वाटलं, आता काहीतरी गुळमुळीत सांगून वेळ मारून नेतील.

त्यांनी दोघांना समोर बसवलं. "चूक माझी हाय. निकाल देत न्हाई. परत पेशी काढाव्या लागतील, त्यात गर्भ दगावूबी शकतो."

"निरोगी दिसले म्हणता ना, मग पहिला पोटात ठेवा की," दत्ता म्हणाला. "आमी सही देतो."

"सही तुमी द्याल, दत्ताभाऊ. रक्त पोराला चढवावं लागंल."

 सविता म्हणाली, "परत करा. पण ह्या बारीला हात तुमचा नको."

ताईंनी मान हलवली आणि नळ्या भरायचं पिपेट माझ्याकडे दिलं. बाहेर सवितापाशी जाऊन बसल्या.

दोन्ही गर्भ तगले. दुसऱ्या दिवशी मी रिकामी नळी पाहिली. हळूच म्हटलं, "रिकामी." "मोठ्यानं," ताई म्हणाल्या. दत्ता ठेवा म्हणत होता, त्या पहिल्या गर्भाला आजार निघाला. दुसरा निरोगी होता. त्यातून जन्मलेली मुलगी आता कळंबच्या बालवाडीत जाते.

ताई गेल्या वर्षी गेल्या. त्यांचा नमुना काढून टाकायला हवा. माझ्यानं होत नाही. आज सकाळीही आधी तीच नळी पाहिली. तिच्यात ताई नव्हत्या. खणखणीत आवाजात म्हणाले, "रिकामी," आणि चहा ठेवला.