ज्याचा कापूस त्याच्या पाठीखाली

जुनी गादी उसवली की पहिला वास येतो तो घामाचा. त्याच्या खाली डोक्याच्या तेलाचा, त्याच्या खाली पोरांच्या मुताचा, आणि अगदी तळाला, जिथे कापूस दगडासारखा बसलेला असतो, तिथे आजाराचा. हा शेवटचा वास एकदा नाकात शिरला की आंघोळीनं जात नाही. सव्वीस वर्षं मी गाद्या शिवल्या. अजून कुणाकडे पाहुणा गेलो की सतरंजी टाकून खाली निजतो. लोकांना वाटतं, माणूस साधा आहे. साधा कसला, शिसारी येते.

ज्या दुकानात मी शिवायचो ते दोघांनी उभं केलं, नवरा आणि बायको. त्याच्या खांद्यावर कापूस पिंजायची कमान, तिच्या पदराला खोचलेलं दाभण, एवढ्या भांडवलावर दोघं दारोदार फिरली. तो इतका कमी बोलायचा की गल्लीनं त्याचं नाव मुका ठेवलं होतं. ती दोघांच्या वाटचं बोलायची. तिला मी काकी म्हणायचो, बाकी सगळे पाठीमागे नाकवाली म्हणायचे. तिला ते ठाऊक होतं, आणि आवडायचंही.

नाकवाली का, तर गिऱ्हाइकाला समोर स्टुलावर बसवून ती त्याची गादी उसवायची, तळातला मूठभर कापूस ओढायची आणि डोळे मिटून नाकाला लावायची. मग निकाल. "पिंजू", "ऊन दाखवू", नाहीतर "जाळू". वर अपील नाही. मोठ्या घरची एक बाई एकदा गादी घेऊन आली. काकीनं वास घेतला आणि मान वर केली.

"ह्याच्यावर कोण होतं?"

"सासूबाई."

"किती महिने?"

"पाच. पण गेल्या हो त्या. आणि कापूस बघा की, नव्यासारखा आहे."

"मग तुम्ही निजा त्याच्यावर. मी शिवायची नाही."

बाई तणतणत गेली. मुका कमान खाली ठेवून म्हणाला, "मेलेल्याचं अंथरूण जिवंताला दिलं तर त्याला जन्मभर खाज सुटते." त्या आठवड्यात तो बोललेलं एवढंच मला आठवतं. तिसऱ्या दिवशी बाई नवा कापूस घेऊन हजर.

दोघांचा नियम एकच होता. ज्याचा कापूस त्याच्या पाठीखाली. पिंजून, भरून, शिवून होईपर्यंत गिऱ्हाइकानं स्टुलावरून उठायचं नाही. कुणाचा कापूस कुणाला जायचा नाही.

आता काकी म्हणजे गूळ होती असं कुणी समजू नये. महाचिक्कू बाई. चहात दूध दाखवल्यासारखं घालायची. माझा टाका जरा लांब पडला की दाभणाची मूठ बोटांवर हाणायची. "टाका घालतोस की बैलासारखी ढांग टाकतोस?" पण तिच्या हातून गेलेल्या गादीवर डोळे मिटून झोपावं, याबद्दल दुमत नव्हतं.

मग त्यांच्या लेकानं कारभार हातात घेतला. यंत्र आणलं, पत्र्याची शेड उभारली, वसतिगृहं आणि लॉज गाठले. स्टूल गेलं. यंत्राला गिऱ्हाईक ओळखू येत नाही, सगळ्यांचा कापूस एका ढिगात, ढीग यंत्रात. त्या ढिगात आम्हाला काय काय सापडायचं ते जेवणाआधी सांगू नये. नखं, केसांचे पुंजके, वाळलेल्या मलमपट्ट्या. एकदा दातांची कवळी निघाली. लेक हसून म्हणाला, "ही आत राहू द्या रे, चावरी गादी म्हणून जास्त भाव येईल."

आणि वर लेबल. रेशमी कापडावर काकी आणि मुका यांचे चेहरे, खाली अक्षरं: आईबाबांची माया, तुमच्या पाठीला. ते लेबल प्रत्येक गादीच्या कोपऱ्यावर मी शिवायचो. आत काय भरलंय ते मला माहीत होतं. तरी शिवायचो. दुसऱ्याला नावं ठेवताना हे सांगितलेलं बरं.

काकी तोवर शेडमध्ये येईनाशी झाली होती. मुका अंथरुणाला खिळला होता. आठ महिने तो उताणा पडून होता. पाठीला जखमा झाल्या, त्या चिघळल्या, गादीला चिकटायला लागल्या. काकी रोज ती कोमट पाण्यानं सोडवायची. खोळीचा भिजून कुजलेला भाग तिनं कापून टाकला आणि तिथे स्वतःच्या जुन्या लुगड्याचं जांभळं ठिगळ लावलं. तो गेला त्या दिवशी तिनं लेकाला एकच काम सांगितलं. "गादी जाळून टाक. खोळीसकट. तू स्वतः जाळ."

"हो आई."

संध्याकाळी तिनं विचारलं. "जाळलीस?"

"राख झाली."

महिन्याभरानं ती पहिल्यांदा शेडमध्ये आली. यंत्रावरचा माणूस तेलकट हात पुसत होता. काकी थबकली. त्याच्या हातातलं फडकं ओढून घेतलं, उलटं केलं, जांभळ्या ठिगळावरून बोट फिरवलं. मग नाकाला लावलं. मी समोर बसलो होतो. तिचा चेहरा आंबट ताक प्यायल्यासारखा झाला, मग त्यावर काहीच उरलं नाही.

लेकाला बोलावणं गेलं.

"खोळ इथे आहे. कापूस कुठे आहे?"

लेक आधी माझ्याकडे बघायला लागला, जसा काही मीच सांगणार होतो. मग म्हणाला, "आई, दोन वर्षांचा कापूस होता तो. चांगला होता. यंत्रातून निघाला की सगळं शुद्ध होतं."

"कुठे आहे?"

"त्या दिवशीच्या मालात गेला. नऊ गाद्यांत. एकेकीत मूठभर सुद्धा नसेल."

ज्या कापसात बापाच्या पाठीचा पू वाळला होता, त्याच्यावर बापाचाच फोटो शिवून त्यानं तो विकला होता. मी लेबलांची चळत खाली ठेवली.

काकी म्हणाली, "नऊच्या नऊ परत आणायच्या."

"काय सांगून? पन्नास वर्षांचं नाव आहे, आई. धुळीला मिळेल."

"नाव माझं आणि त्यांचं आहे. तुला नुसतं दुकान दिलंय."

गाद्या पोचवणारा टेंपोवाला होता, त्याला नऊही घरं आठवत होती. चार दिवस काकी पुढे त्याच्या शेजारी आणि मी मागे बसून आम्ही हिंडलो. काकी दारात उभी राहून आडपडदा न ठेवता सांगायची की ह्या गादीत आजारानं मेलेल्या माणसाचा कापूस आहे, तो माणूस माझा नवरा होता, बदलून देते. पहिल्या घरातल्या मास्तरणीनं गादी ओढून थेट रस्त्यावर टाकली आणि कोपरापर्यंत हात धुतले. जाताना काकीच्या अंगावर खेकसली, "लाज नाही वाटत?" टेंपोत बसल्यावर काकी म्हणाली, "ही बाई बरी आहे."

बाकीच्यांनी मात्र माणसांवरचा विश्वास उडवला. एक दुकानदार म्हणाला, "बदलून देताय ना? मग त्यावर दोन उशा द्या." एका घरी नवरा-बायकोत वाद लागला की नवी गादी घ्यावी की जुनीवर सूट मागावी. एका ढेरपोट्या गृहस्थानं तर अंथरुणावरून उठायचेही कष्ट घेतले नाहीत.

"काकी, माझी पाठदुखी गेली हो हिच्यावर. मालकांचा हात लागलाय जणू."

"हात नाही, पाठ लागलीय. सडलेली."

तो खदखदून हसला, "तुमचं बोलणं म्हणजे!" म्हणाला आणि कुशीवर वळला.

सहा परत आल्या. तीन घरांनी दिल्या नाहीत. सहाही काकीनं शेडमागच्या मोकळ्या जागेत स्वतःच्या हातानं पेटवल्या. दाबलेला कापूस भडकत नाही, धुमसतो. दोन दिवस गल्लीत धूर कोंडला होता आणि शेजारी शिव्या घालत होते. काकी तिथेच विटेवर बसून काठीनं ढीग हलवत राहिली. लेक यायचा, बघायचा, जायचा. तेव्हा मला वाटलं, लाजतोय. आता कळतं, विचार करत होता.

सहा महिन्यांनी दुकानाला पन्नास वर्षं झाली. दुपारी सभागृहात मेळावा, ठोक गिऱ्हाईक, लॉजवाले, वसतिगृहांचे खरेदीवाले. काकीला व्यासपीठावर मधल्या खुर्चीत बसवलं होतं. मी कडेला, पायऱ्यांजवळ. लेक भाषणाला उभा राहिला.

"आमचा दर्जा काय आहे ते एका गोष्टीत सांगतो. माल जरासा कमी उतरला, एवढ्यावरून माझ्या आईनं या वयात दारोदार जाऊन गाद्या परत आणल्या आणि स्वतःच्या हातानं जाळल्या! ही आमची शिस्त आहे!"

टाळ्या पडल्या. काकी खुर्चीचे हात धरून उठली, दोन पावलं पुढे आली आणि लेकाच्या हातातल्या माईकशी तोंड नेऊन म्हणाली, "कुणाची गादी होती ते सांग की. तुझ्या बापाची होती. त्याचा पू होता त्याच्यात."

लेकानं पहिल्या शब्दालाच माईकवर पंजा दाबला होता. मधलं काही गेलं, काही राहिलं. मग पुढच्या रांगेतला एक जाडा लॉजवाला उभा राहून टाळ्या वाजवायला लागला, आणि सगळं सभागृह उभं राहिलं.

काकी माझा हात धरून पायऱ्या उतरली.

"ऐकू गेलं का रे?"

"पुढच्या रांगांना थोडं गेलं. तुझ्या बापाची, एवढं."

"मग टाळ्या कशाच्या?"

"त्यांना वाटलं, तुम्हाला मालकांची आठवण आली."

ती शेवटच्या पायरीपाशी थुंकली. घराच्या वाटेला न लागता ती शेडमध्ये आली. विक्रीला तयार गाद्या भिंतीला थप्पी लावून ठेवल्या होत्या. माझी कात्री उचलून ती जमिनीवर बसली आणि कोपऱ्यांवरची लेबलं कापायला लागली. मीही शेजारी दाभणानं टाके उसवत बसलो.

बऱ्याच वेळानं लेक दारात आला, नव्या कपड्यांत, घामेजलेला. बाहेरच्या कामगाराला म्हणाला, "कापू दे तिला. उद्या परत शिवून घ्या."

काकीनं मान वळवली नाही. "किती राहिल्यात?" तिनं मला विचारलं.

"बेचाळीस."

"कात्रीला धार नाही तुझ्या," ती म्हणाली, आणि पुढची गादी ओढली.